शनेलचा 'कोको': वेंगुर्ल्याच्या हवेत वर्षभर वापरल्यावर

आधीच सांगून टाकते, हा परफ्यूम मे महिन्यात कोकणात लावू नका. उरलेलं वर्ष मात्र मी त्याच्यावर फिदा आहे. मी वापरते तो मूळचा 'कोको', ओ द पार्फम (म्हणजे सुगंधाचं प्रमाण जास्त असलेला प्रकार), शनेलचा परफ्यूमकार जॅक पोल्जने १९८४ साली बनवलेला. २००१ चा 'कोको मादमोझेल' अगदीच वेगळ्या स्वभावाचा आहे, तेव्हा मागवताना नाव नीट वाचा.

फवारल्या फवारल्या संत्र्याची साल, थोडा पीच आणि मागून धण्याचा कोरडा वास. छान आहे, पण आपल्याकडच्या उकाड्यात ही सुरुवात बघता बघता उडून जाते. एवढ्यासाठी कोणी पैसे घालवू नयेत.

खरी गंमत त्यानंतर. गुलाब, जाई, संत्र्याचं फूल, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी लवंग. लवंगेचा वास मुख्यतः युजेनॉल या रसायनाचा. दालचिनीच्या पानातही तेच असतं आणि तुळशीतही थोडं असतं. आमच्या परसात माडांच्या सावलीत दालचिनी लावलेली आहे. तिचं कोवळं पान चुरगळलं की बोटांना जो गोडसर, उबदार, जिभेला किंचित झोंबेल असा वास येतो, तो या परफ्यूममध्ये फुलांच्या खालून सतत जाणवत राहतो. त्यामुळे गुलाब असूनही गुलाबपाण्याचा भास होत नाही. मात्र लवंग म्हटलं की ज्यांना दाताचा दवाखाना आठवतो, त्यांना पहिला अर्धा तास जड जाईल. माझ्या नणंदेला गेलाच. सासूबाईंनी तर पहिल्याच दिवशी विचारलं, "खयच्या लग्नाक चललंस गो?"

संध्याकाळपर्यंत फुलं मागे पडतात आणि अंबर वर येतो. अंबर म्हणजे इथे कुठला एकच पदार्थ नाही, लॅब्डॅनमसारखा राळेचा चिकट गोडवा आणि व्हॅनिला यांचा मेळ. सोबत टोंका (एक सुगंधी बी) आणि चंदन. अंगावरचा वास रात्री विरला तरी ओढणीला दुसऱ्या दिवशीही येतो.

मे महिन्यात काय होतं, तर हे सगळे टप्पे एकमेकांच्या अंगावर कोसळतात. घाम, व्हॅनिला, लवंग, सगळं एकदम. खच्चून भरलेल्या एसटीत शेजारच्या बाईने खिडकी उघडली तेव्हा मला जे समजायचं ते समजलं. पावसाळ्यात उलट. गारव्यात तो सावकाश उलगडतो, आणि कपडे वाळत नाहीत, कपाटाला कुबट वास येतो, अशा दिवसांत ही ऊब फार बरी वाटते. एक फवारा पुरे, तोही कपडे घालण्याआधी. खोबरेल लावलेल्या हातावर जास्त टिकतो, पण मग खोबरेलाचाही वास येतो. मला चालतो, तुम्हाला चालेलच असं नाही.

फाल्गुनात सुरंगीचा वळेसार, म्हणजे गजरा, माळायचा असेल, तर त्या दिवशी परफ्यूमला सुट्टी द्या. दोघेही बडबडे, एकमेकांना बोलू देत नाहीत. अबोलीबरोबर काहीच अडचण नाही, तिला वासच नाही.

जाता जाता एक गोष्ट. या परफ्यूममागे शनेल कंपनी काढणाऱ्या गाब्रिएल शनेलच्या पॅरिसमधल्या रू काँबोंवरच्या घराची प्रेरणा आहे असं सांगतात. तिथे चिनी लाखकामाचे, घडीचे 'कोरोमंडल' पडदे आहेत. चीनहून युरोपला जाताना असा माल आपल्या पूर्वेच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून जायचा, म्हणून ते नाव. किनारा पलीकडचा असला तरी मला उगाच जवळचं वाटलं.

बाटली खोक्यातच ठेवा, खिडकीत किंवा बाथरूममध्ये नको. उष्णता आणि उजेडाने आधी संत्र्याचा ताजेपणा जातो. आणि रेशमी साडीवर थेट फवारू नका. माझ्या फिकट रंगाच्या पदरावर पडलेला पिवळट डाग ड्रायक्लीनिंगनेही गेलेला नाही.