‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ची सटीप आवृत्ती: एका वाचकाचा अभिप्राय

शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ची विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली एक सटीप आवृत्ती नुकतीच वाचून संपवली. छपाई स्वच्छ आहे, बांधणी मजबूत आहे आणि टिपा समोरच्याच पानावर असल्यामुळे जुन्या इंग्रजी शब्दांसाठी पुन्हा पुन्हा मागची पाने चाळावी लागत नाहीत. माझी तक्रार प्रस्तावनेविषयी आहे, आणि ती गंभीर आहे.

प्रस्तावनेत हे नाटक म्हणजे प्रेमाचा आणि मैत्रीचा विजय ठरवले आहे. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीत, ते सुखात्मिकांमध्ये छापले गेले, हे खरे. पण १६०० च्या पहिल्या छापील प्रतीच्या शीर्षकपानावर ‘शायलॉक ज्यूच्या पराकोटीच्या क्रौर्या’ची जाहिरात होती, याचा उल्लेखही येथे नाही. इंग्लंडमधून ज्यूंना १२९० मध्येच हद्दपार केले होते, आणि व्हेनिसमध्ये १५१६ पासून त्यांना घेट्टोत, म्हणजे ज्यूंसाठी नेमलेल्या वेगळ्या वस्तीत, राहावे लागे, जिचे दरवाजे रात्री बंद होत. हे ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्याला व्यापारी अँटोनिओचे सावकार शायलॉकवर थुंकणे म्हणजे व्याजावरून जुंपलेले दोन माणसांचे खासगी वैर वाटेल.

सर्वांत खटकली ती चौथ्या अंकातील न्यायसभेवरील टीप. शायलॉक भर सभेत विचारतो: तुम्ही विकत घेतलेल्या गुलामांना गाढवां-कुत्र्यां-खेचरांसारखे राबवता, मग त्यांना मोकळे करा, आपल्या वारसांशी त्यांची लग्ने लावा, असे मी तुम्हाला सांगू का? व्हेनिसचा शासक ड्यूक या प्रश्नाला उत्तर देत नाही. तो न्यायसभा तहकूब करण्याची भाषा करतो. मालकीच्या ज्या हक्कावर व्हेनिसचे वैभव उभे आहे, त्याच हक्काने शायलॉक कर्ज न फेडल्याबद्दल करारात ठरलेला अँटोनिओच्या मांसाचा तुकडा मागतो आहे, आणि म्हणूनच ही शांतता नाटकातली सर्वांत बोलकी जागा आहे, असे मला वाटते. टीपकाराने तेथे केवळ खेचर या शब्दाचा अर्थ दिला आहे. शायलॉकवर लादलेल्या धर्मांतरावर तर एक ओळही नाही.

नायिका पोर्शियाशी लग्न करू पाहणाऱ्यांना ज्यांतून एक निवडावी लागते, त्या तीन पेट्यांची चर्चा मात्र चांगली आहे: मृत पित्याचे मृत्युपत्र मुलीच्या लग्नावर कसे अंमल गाजवते, हे नेमके मांडले आहे. तरीही मोरोक्कोचा राजपुत्र हरल्यावर, त्याच्या वर्णाच्या सर्वांनी अशीच निवड करावी, असे हीच पोर्शिया म्हणते, तेव्हा टीप पुन्हा गप्प राहते.

पाचव्या अंकात चांदण्यात संगीत वाजत असताना शायलॉकची मुलगी जेसिका म्हणते की गोड संगीत ऐकून मला कधीच आनंद होत नाही. हे तिचे नाटकातले शेवटचे वाक्य आहे. बापाचे घर आणि धर्म सोडून आलेली ही मुलगी त्यानंतर एकदाही बोलत नाही. शिकवणाऱ्यांनी ही आवृत्ती संहितेसाठी अवश्य वापरावी, पण प्रस्तावना विद्यार्थ्यांना नाटक वाचून झाल्यावरच द्यावी.