मातीच्या वर्कशॉपचा आराखडा: 12,000 रुपयांत काय मिळालं?

भोसरीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यासाठी साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, नोकरी केली. आता मुळशी तालुक्यात पौडच्या पुढे घेतलेल्या जागेत लाकूड फिरवून कातायचं लेथ मशीन आणि एक वर्कबेंच मावेल एवढं, 12 बाय 18 फुटांचं वर्कशॉप बांधायचंय. माझा कल पत्र्याच्या शेडकडे होता. मुलगी म्हणाली, “बाबा, मे महिन्यात त्या पत्र्याखाली तुम्हीच भाजून निघाल.” म्हणून नैसर्गिक साहित्यातल्या बांधकामाचा आराखडा करून देणाऱ्या, कोथरूडमधल्या एका छोट्या ऑफिसात गेलो.

पहिली बैठक आवडली. मातीचं गुणगान ऐकायची तयारी ठेवून गेलो होतो, पण त्यांनी आधी मशीनचं वजन विचारलं, मग भुसा कुठून बाहेर काढणार ते. लेथचा पाया भिंतींपासून आणि फरशीपासून सुटा, काँक्रीटचाच घ्या, असं त्यांनीच सांगितलं. मातीची भिंत वजन पेलते, सततचा हादरा तिला सोसत नाही. व्हाइस (काम पकडून ठेवणारा शिकंजा) आणि शेल्फं जिथे येणार तिथे बांधतानाच भिंतीत लाकडी ठोकळे बसवायचे, कारण नंतर ड्रिल मारून रावळप्लग (स्क्रू धरणारी छोटी खुंटी) ठोकला तर तो मातीत धरत नाही. हे नकाशावर खुणा करून दिलंय. मोठ्या खिडक्या उत्तरेला, म्हणजे पात्याच्या धारेवर थेट ऊन येत नाही. मशीनवर काम केलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं.

मातीची परीक्षा तर माझ्यासमोरच झाली. काचेच्या बरणीत माती, पाणी, चिमूटभर मीठ, खळखळून हलवायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून द्यायचं. खाली वाळू, मध्ये गाळ, वर चिकणमाती. माझी जमीन काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीच्या कामाची नाही. त्यांनी सरळ सांगितलं की लाल माती बाहेरून आणा आणि 6 टक्के सिमेंट घालून मशीनवर दाबलेले ब्लॉक करा. भट्टी लागत नाही, पण तीन आठवडे तरी ओल्या गोणपाटाखाली ठेवावे लागतात. सिमेंट नकोच म्हणणाऱ्यांना हे पटणार नाही. मला पटलं, कारण मुळशीकडचा पाऊस पुणे शहरासारखा नाही, कितीतरी जास्त असतो. त्यासाठीच जोतं दोन फूट उंच, काळ्या दगडाचं. पश्चिमेची भिंत खिडकीपर्यंत दगडातच. आणि छप्पर तीन फूट पुढे, म्हणजे पागोळ्या भिंतीच्या पायथ्याशी पडणार नाहीत. बाहेरून चुन्याचा गिलावा. सिमेंटचा केला तर आतली ओल बाहेर पडत नाही आणि पुढे तो पोपडे धरून सुटतो.

छपराला बांबू आणि मंगलोरी कौलं सुचवली. बांबू तीन वर्षांवरचा आणि बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवलेला हवा, नाहीतर भुंगा लागतो. ठीक. पण आमच्याकडे वानरं कौलांवरून धावतात, त्याबद्दल आराखड्यात चकार शब्द नाही.

खरी नाराजी अंदाजपत्रकावर. साहित्याचा खर्च खराच कमी येतो, पण मजुरी फारच हात आखडून धरलीय. चुन्याचं काम जाणणारा गवंडी साध्या गवंड्याच्या रोजावर येत नाही; मी दोघांना विचारलं, दोघांनीही जवळपास दीडपट सांगितला. त्यात वेळापत्रकात ब्लॉक वाळवायचे जूनमध्ये! फोन केल्यावर ते दिवाळीनंतर सरकवून दिलं, जादा पैसे न घेता. वायरिंगचा नकाशा मात्र फीमध्ये येत नाही. मातीच्या भिंतीत पाइप आधीच टाकावे लागतात, तेव्हा इलेक्ट्रिशियनला आराखडा पक्का होण्याआधीच सोबत न्या.

ज्यांना मशीन ठेवायचंय, त्यांनी जरूर जावं. मजुरीचे आकडे मात्र गावातल्या गवंड्याला विचारून स्वतः घाला. आणि बरणीची परीक्षा घरीच करून जा, साइट व्हिजिटचे वेगळे 1,500 लागतात.