बॉडी फॅट वजनकाटा: वजन चोख, बाकीचे आकडे जरा सांभाळून

भुसावळला घरपोच आला, पॅकिंग बरं होतं, काच फुटेल नव्हती. काचेचा काटा, वर चार चकचकीत पट्ट्या, ब्लूटूथने मोबाईलला जोडायचा. कंपनीचं नाव टाकत नाही कारण मी लिहितेय ते या प्रकारच्या सगळ्याच काट्यांना लागू पडतं.

वजनाला पैकीच्या पैकी मार्क. दुकानातून मोजून आणलेली दादर ज्वारीची गोणी ठेवून बघितली, बरोब्बर तेवढंच दाखवलं.

आता अॅप. त्यात फॅट टक्के, मसल मास, व्हिसरल फॅट (पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी), मेटाबॉलिक एज (म्हणजे म्हणे शरीराचं वय) असं काय काय येतं आणि माणूस आधी तेच बघतो. काटा तळपायातून बारीकसा करंट सोडतो, स्नायूत पाणी जास्त म्हणून तिथून तो सहज जातो, चरबीत अडतो, त्या अडथळ्यावरून आणि तुम्ही भरलेल्या वय-उंचीवरून बाकी सगळा हिशोब. करंट एका पायातून वर जाऊन दुसऱ्या पायातून खाली येतो, म्हणजे पोटाचा आकडा बराचसा अंदाजाचाच, आणि आपल्याकडे खरी भानगड तर पोटाचीच आहे! त्यात आपलं ऊन. मे महिन्यात घामाने अंगातलं पाणी गेलं की फॅट जास्त दिसतं, भरपूर पाणी प्यायलं तरी आकडा हलतो. म्हणून रोज सकाळी, उपाशीपोटी, एकाच वेळेला उभं राहा, नाहीतर उगाच टेन्शन. भरीत पार्टीच्या दुसऱ्या दिवशी तर उभंच राहू नका, मिठाने धरलेलं पाणीच मोजलं जातं.

गंमत माझ्या दिराने केली. अॅपमध्ये 'अॅथलीट' असं बटण आहे, ते त्याने दाबलं आणि फॅट एकदम खाली, "पाहा वहिनी, झालो बारीक!" माणूस तोच, पाय तेच, फक्त फॉर्म्युला बदलला.

पण त्या बटणावरून मी थोडं वाचत गेले आणि ते या काट्यापेक्षा भारी निघालं. जेवल्यावर इन्सुलिन वाढतं तेव्हा रक्तातली साखर उचलायचं मोठं काम हातापायाच्या, मांड्यांच्या स्नायूंचं असतं. लठ्ठपणात चरबी कातडीखाली मावत नाही मग ती स्नायूच्या पेशीतही शिरते, तिच्यापासून डायअसिलग्लिसेरॉल, सिरामाइड असले पदार्थ साठतात आणि ते इन्सुलिनचा निरोप मधेच अडवतात, साखर आत घेणारं ग्लूट-४ नावाचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर यायला हवं ते नीट येत नाही. आणि पेशीत हे सगळं इंधन जाळणाऱ्या ज्या बारीक भट्ट्या, त्या मायटोकॉन्ड्रियाचेही हाल. २००२ मध्ये अमेरिकेत केली नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी स्नायूंचे तुकडे मायक्रोस्कोपखाली पाहिले तर लठ्ठ आणि टाइप २ डायबिटीसवाल्यांचे मायटोकॉन्ड्रिया सडपातळ लोकांपेक्षा लहान दिसले. उपाशी असताना चरबी जाळायची आणि जेवल्यावर साखर, ही अदलाबदलही अशा स्नायूला जमत नाही. आता आधी मायटोकॉन्ड्रिया बिघडतात की आधी चरबी साठते, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

अन् खऱ्या अॅथलीटची गोष्ट ऐका. लांब पल्ल्याचे धावपटू असतात ना, त्यांच्या स्नायूतही डायबिटीसवाल्यांइतकी चरबी सापडते! तरी इन्सुलिन झकास चालतं, कारण त्यांचे मायटोकॉन्ड्रिया ती चरबी रोज जाळत असतात. यातलं काहीही हा काटा बघू शकत नाही, बटण दाबा नाहीतर नका दाबू.

बारीक लोकांनीही हुरळू नये. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले होते, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण युडकिनांची चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! आमचे सासरे काडीसारखे आहेत, शुगर आहेच.

अॅपमधली एक जाहिरात मात्र डोक्यात जाते, मसल वाढवा आणि बसल्या बसल्या कॅलरी जाळा. एक किलो स्नायू आराम करताना दिवसाला साधारण १३ कॅलरी जाळतो, म्हणजे शेवभाजीच्या तर्रीचा एक घोटही नाही. फायदा आहे तो हलवण्यात. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतो, आणि नियमित चाललं, वजनं उचलली की मायटोकॉन्ड्रिया वाढतात, काट्यावर किलो हलला नाही तरी. माझी जाऊ रोज पहाटे चालते, काटा जागचा हलत नाही म्हणून चिडते, तिला हेच सांगते.

कामाचं काय, तर मसलचा ग्राफ. एका दिवसाचा आकडा सोडून द्या, महिना-दोन महिन्यांचा बघा. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं तर उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबी सोडून बाकीचा असतो, त्यात स्नायूही जातात. ग्राफमध्ये मसल सारखं घसरत असेल तर डाएट बदला, डाळ-अंडी वाढवा.

पेसमेकर असेल तर यावर अजिबात उभं राहू नका, गरोदर बायकांनीही करंटवालं बंद करूनच वापरा. पाय कोरडे ठणठणीत असले की एरर येतो, थोडे ओलसर पुसून घ्या. आणि हो, शिवणाच्या डब्यातली टेप काढून कंबर मोजा, बायकांना ८० सेंटीमीटर आणि पुरुषांना ९० ही आपल्याकडची मर्यादा, तो आकडा अॅपच्या व्हिसरल फॅटपेक्षा जास्त भरवशाचा.

पाचपैकी तीन स्टार. एक कापला तो मेटाबॉलिक एजसाठी, मला ५८ दाखवतं मेलं, आणि एक अॅपसाठी, कारण वजन बघायला याला माझं लोकेशन कशाला पाहिजे?