साउंड बॅगसाठी काटकोनी कनेक्टर: नेहमीचा एक्सएलआर, बुटका एक्सएलआर की टीए-३?

चित्रीकरणस्थळी ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या बॅगेत जागा नेमकी कुठे संपते, हे केबल जोडेपर्यंत लक्षात येत नाही. मिक्सर-रेकॉर्डर, वायरलेस रिसीव्हर, बॅटरी आणि वीजवाटपाचा डबा हे सारे बॅगेत मापात बसते. मात्र मिक्सरच्या बाजूंना सरळ एक्सएलआर, म्हणजे मायक्रोफोनच्या केबलला लागणारे तीन पिनांचे गोल, कनेक्टर लावले की ते बाहेर येतात, त्यांच्यामागे केबलचे वळण जागा मागते आणि बॅगेच्या दोन्ही कडा फुगतात. हे केवळ दिसायला वाईट असते असे नाही. बॅगेची भिंत दिवसभर त्या कनेक्टरांना दाबत राहते, तो दाब सोल्डरच्या जोडावर येतो आणि तिथून पुढे मिक्सरच्या पॅनेलमागील सर्किट बोर्डापर्यंत पोहोचतो. कनेक्टर बदलणे दहा मिनिटांचे काम आहे. बोर्डावरील सॉकेट हलले, तर यंत्र दुरुस्तीला पाठवावे लागते आणि तेवढे दिवस काम थांबते. म्हणून काटकोनी कनेक्टरांची निवड नीट विचार करून व्हावी, असे मला मनापासून वाटते.

पर्याय मुख्यतः तीन आहेत. पहिला, न्यूट्रिक किंवा स्विचक्राफ्टसारख्या कंपनीचा नेहमीचा काटकोनी एक्सएलआर. दुसरा, ‘लो-प्रोफाइल’ या नावाने विकला जाणारा बुटका काटकोनी एक्सएलआर, ज्यामध्ये अमेरिकेतील केबल टेक्निक्स या कंपनीचे कनेक्टर या व्यवसायात सर्वाधिक परिचित आहेत. तिसरा, जिथे यंत्र परवानगी देते तिथे एक्सएलआर सोडून टीए-३, म्हणजेच मिनी एक्सएलआर वापरणे. सॉकेटमध्ये आत जाणारा भाग पहिल्या दोन्ही प्रकारांत सारखाच असतो, कारण तो मानकाने ठरलेला आहे. फरक पडतो तो पॅनेलबाहेर उरणाऱ्या भागात. नेहमीच्या काटकोनी कनेक्टरमध्ये पिनांच्या मागे बऱ्यापैकी जागा ठेवून मग कोपरा वळवलेला असतो आणि केबल घट्ट धरणारा दट्ट्या त्या कोपऱ्यापुढच्या नळीत असतो. बुटक्या कनेक्टरमध्ये ही मागची जागा जवळजवळ काढून टाकलेली असते. पिनांच्या पाठीवर थेट एक चपटे टोपण बसते आणि केबल त्याच्या कडेने बाहेर पडते.

न्यूट्रिकचा एनसी३एफआरएक्स हा फीमेल (छिद्रांचा) आणि त्याचा मेल (पिनांचा) जोडीदार एनसी३एमआरएक्स हे नेहमीच्या प्रकाराचे चांगले प्रतिनिधी आहेत. जुळणी करताना आतील भाग फिरवून केबल कोणत्या दिशेने बाहेर पडावी, हे अनेक टप्प्यांपैकी एकात ठरवता येते, केबलची पकड भरवशाची असते आणि सोल्डर करायला ऐसपैस जागा मिळते. कॅनारेची एल-४ई६एस किंवा मोगामीची डब्ल्यू२५३४ ही चार तारांची ६ मिमी जाडीची केबल त्यात विनासायास बसते. मिक्सर गाडीवर किंवा टेबलावर ठेवून काम करणाऱ्याला याहून वेगळे काही शोधण्याची गरज नाही, हे मी स्पष्टपणे सांगतो. बॅगेत मात्र हा कनेक्टर अर्धेच काम करतो. केबलचे वळण वाचते, पण कनेक्टरचे स्वतःचे कोपर तसेच बाहेर राहते, आणि अरुंद बॅगेत तेच भिंतीला टेकते.

बुटका कनेक्टर नेमका इथे उपयोगी पडतो. भिंत आणि पॅनेल यांच्यामध्ये दोन बोटांची जागा असली, तरी केबल पॅनेललगत वर किंवा खाली नेता येते. केबल टेक्निक्सच्या कनेक्टरांमध्ये केबल बाहेर पडण्याचा कोन बदलता येतो आणि टोपणे रंगीत मिळतात, त्यामुळे कोणता रिसीव्हर कोणत्या चॅनेलला गेला आहे हे अंधारातही, टॉर्चच्या एका झोतात, ओळखता येते. ही सोय लहान वाटते. पण रात्रीच्या चित्रीकरणात चौथ्या चॅनेलवर खरखर आली आणि चौथी केबल शोधायची वेळ आली, की तिचे मोल कळते.

आता पॅनेलच्या बाजूने विचार करू, कारण बहुतेक चुकीच्या खरेद्या इथे होतात. मिक्सरच्या इनपुटवर फीमेल सॉकेट असते आणि त्यात मेल कनेक्टर जातो. अशा जोडणीत खटका सॉकेटच्या बाजूला असतो. ‘पुश’ लिहिलेली पट्टी पॅनेलवर असते आणि मेल कनेक्टरला फक्त खटका अडकण्याची खाच लागते. आउटपुटवर हे उलटे होते: सॉकेट मेल असते आणि खटका केबलच्या फीमेल कनेक्टरवर असतो. परिणामी बुटका मेल कनेक्टर घेताना पाहायचे ते हे, की त्याचे टोपण किंवा बाहेर पडणारी केबल पॅनेलवरील ‘पुश’ पट्टीवर तर येत नाही ना. ती पट्टी झाकली गेली, तर कनेक्टर बसतो, पण काढताना पेचकसाने उचकावा लागतो आणि त्यात पॅनेल ओरखडते. बुटका फीमेल कनेक्टर घेताना त्याला खटका आहे की नाही हे विचारावे. जागा वाचवण्यासाठी काही प्रकारांमध्ये तो काढून टाकलेला असतो आणि मग कनेक्टर केवळ घर्षणावर टिकून राहतो. कॅमेऱ्याकडे जाणाऱ्या आउटपुटसाठी असा कनेक्टर मी वापरणार नाही, कारण त्या केबलला दिवसभर हिसके बसतात.

दिशेचा प्रश्नही पॅनेल पाहूनच सुटतो. साउंड डिव्हायसेसच्या ६३३ या मिक्सर-रेकॉर्डरमध्ये एक्सएलआर इनपुट एका बाजूला आणि आउटपुट दुसऱ्या बाजूला आहेत; झूम एफ-८ मध्ये आठ इनपुट दोन्ही बाजूंना चार-चार असे वाटलेले आहेत. म्हणजे एका यंत्रासाठी घेतलेली, एकाच दिशेला केबल सोडणारी जोडी दुसऱ्या यंत्रावर शेजारच्या सॉकेटवर आडवी येऊ शकते. यंत्राच्या दोन्ही बाजूंचे समोरून छायाचित्र काढावे, प्रत्येक सॉकेटमधील तीन छिद्रांचा किंवा पिनांचा त्रिकोण कोणत्या दिशेला आहे ते टिपावे, आणि केबल वर, खाली, पुढे की मागे न्यायची ते बाणाने दाखवून मग कनेक्टर मागवावेत. केबल सोडण्याची दिशा कायम असलेले स्वस्त कनेक्टर घ्यायचे असतील, तर हे केल्याशिवाय घेऊच नयेत.

टीए-३ विषयी थोडक्यात सांगता येईल. स्विचक्राफ्टने रूढ केलेला हा छोटा तीन पिनांचा कनेक्टर आकाराने एक्सएलआरच्या जवळपास निम्म्याने लहान आहे. पिनांची रचना तीच, म्हणजे १ शील्ड (तारांभोवतीचे आवरण), २ हॉट आणि ३ कोल्ड (आवाज वाहणाऱ्या दोन तारा). ६३३ चे चौथे ते सहावे इनपुट टीए-३ वरच आहेत आणि ते लाइन पातळीचे (मायक्रोफोनपेक्षा जोरकस संकेतासाठीचे) आहेत. लेक्ट्रोसॉनिक्सच्या एलआर या छोट्या रिसीव्हरचे आउटपुटही टीए-३ वर येते. अशा ठिकाणी दोन्ही टोकांना काटकोनी टीए-३ लावलेली १५-२० सेंटिमीटरची केबल ही सर्वांत सुटसुटीत जोडणी ठरते. अडचण केबलच्या जाडीची आहे. कॅनारेची एल-४ई५सी किंवा मोगामीची डब्ल्यू२८९३ या ४.८ मिमी जाडीच्या केबल एरवी बारीक समजल्या जातात, पण बुटक्या टीए-३ मध्ये त्यादेखील ओढूनताणून बसवाव्या लागतात. तिथे ३ मिमीच्या आसपासची दोन तारा आणि शील्ड असलेली केबल घ्यावी; इतक्या कमी लांबीत चार तारांच्या केबलचा बाहेरची विद्युत खरखर अडवण्याचा फायदा जवळपास उरत नाही.

सेनहायझरच्या ईडब्ल्यू मालिकेतील रिसीव्हर वापरणाऱ्यांचे एक टोक ३.५ मिमी जॅकचे असते आणि त्यावर आट्यांचे कडे फिरवून तो पक्का करायचा असतो. आटे नसलेली काटकोनी पिन तिथे बसते, आवाजही येतो, पण बॅग खांद्यावर घेऊन धावताना ती निसटते. म्हणून जागा वाचवायची ती मिक्सरच्या टोकाला. रिसीव्हरकडे आट्यांची पिन असू द्यावी, मग ती सरळ असली तरी चालेल.

टिकाऊपणाच्या बाबतीत बुटक्या एक्सएलआरची बाजू लंगडी आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. टोपणाखाली जागा इतकी कमी असते की तारेचे उघडे टोक दोन मिलिमीटर जरी जास्त सोलले, तरी ते शेजारच्या पिनेला किंवा धातूच्या टोपणाला लागू शकते. केबलची पकड लहान स्क्रूवर अवलंबून असते. कोकणात पावसाळ्यात चाललेल्या एका कामात माझ्या बूमच्या (लांब दांड्यावरील मायक्रोफोनच्या) केबलला असाच कनेक्टर थेट लावलेला होता. तिसऱ्या दिवशी मायक्रोफोन मधूनच बंद पडू लागला. मायक्रोफोन बदलला, केबलचे दुसरे टोक तपासले, आणि शेवटी टोपण उघडले, तेव्हा स्क्रू सैल होऊन केबल आतल्या आत फिरली होती आणि शील्डच्या दोन-तीन बारीक तारा दुसऱ्या पिनेला टेकत होत्या. मिक्सरकडून त्याच केबलमधून मायक्रोफोनला मिळणारी ४८ व्होल्टची फॅंटम वीज त्या स्पर्शाबरोबर जमिनीला जात होती. दोष कनेक्टर बनवणाऱ्याचा नव्हता. रोज ओढल्या जाणाऱ्या केबलला तो लावण्याचा निर्णय माझा होता.

तेव्हापासून मी असा भेद करतो: रिसीव्हरपासून मिक्सरपर्यंतची, एकदा जोडली की महिनोन्महिने न हलणारी जोडणी बुटक्या कनेक्टरची, आणि बूमसाठी मिक्सरला बुटका मेल कनेक्टर, त्यापुढे ३० सेंटिमीटरची लवचीक केबल आणि तिच्या टोकाला बॅगेच्या पट्ट्याला घट्ट बांधलेला नेहमीचा सरळ फीमेल कनेक्टर. बूमची मुख्य केबल त्या सरळ कनेक्टरमध्ये जाते. बूम ऑपरेटर कितीही वेगाने वळला, तरी हिसका पट्ट्यावर थांबतो, मिक्सरपर्यंत जात नाही. या एका तुकड्यामुळे जोडांची संख्या एकाने वाढते, हे खरे आहे. पण वाढलेला जोड हाताच्या अंतरावर असतो आणि तो बिघडला तर अर्ध्या मिनिटात बदलता येतो.

खरेदीबाबत महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक फरक महत्त्वाचा आहे. न्यूट्रिकचे नेहमीचे काटकोनी कनेक्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात विचारणा करून हातात घेऊन पाहता येतात. खरे बुटके कनेक्टर बहुधा परदेशातून मागवावे लागतात आणि किमतीत वाहतूक व सीमाशुल्क यांची भर पडते, त्यामुळे एकेक मागवण्याऐवजी दोन-तीन सहकाऱ्यांनी मिळून मागवणे परवडते. नाव नसलेले स्वस्त बुटके कनेक्टर ऑनलाइन सहज मिळतात. त्यातले काही चालतात, पण घेतल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात: पिना सॉकेटमध्ये न अडखळता जातात का, स्क्रूचे आटे दोनदा उघडून-मिटून टिकतात का, आणि टोपण हाताने पिळल्यास फिरते का. यांपैकी एकात जरी शंका आली, तर तो कनेक्टर पगारी कामाच्या बॅगेत लावू नये.

किनारपट्टीवर वारंवार काम असेल तर पिनांवरील मुलाम्याकडेही पाहावे. न्यूट्रिकच्या एक्सएक्स मालिकेत साध्या रूपात चांदीचा आणि काळ्या ‘बी’ रूपात सोन्याचा मुलामा असतो. चांदी उत्तम वाहक आहे, पण ती काळवंडते. रोज काढ-घाल होणाऱ्या जोडणीत घर्षणाने ती स्वच्छ राहते, तर महिनोन्महिने न हलणाऱ्या जोडणीत सोन्याचा मुलामा अधिक भरवशाचा. बॅगेतील बुटके कनेक्टर याच दुसऱ्या गटात मोडतात.

केबल स्वतः तयार करणार असाल, तर सोल्डर करताना त्या कनेक्टरमध्ये त्याचा जोडीदार खोचून ठेवावा. उष्णतेने आतले प्लास्टिक मऊ झाले, तरी पिना जागच्या हलत नाहीत. टीए-३ मध्ये तर हे न केल्यास एक पिन हमखास तिरकी होते. कथील-शिशाच्या ६३/३७ मिश्रणाचे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि लगेच घट्ट होते, म्हणून लहान जागेत तेच सोयीचे. शील्डच्या तारेवर बारीक स्लीव्ह चढवल्याशिवाय टोपण बंद करू नये. केबल तयार झाली की मायक्रोफोन जोडावा, फॅंटम चालू करावी, हेडफोन कानाला लावून गेन वाढवावा आणि टोपणाजवळची केबल चारही दिशांना हळूहळू वाकवून पाहावी. या वेळी एकदाही कट असा आवाज आला, तर टोपण त्याच क्षणी पुन्हा उघडावे.