तेजस की निशित?

मामेबहिणीच्या मुलाचं बारसं रविवारी, गुहागरला. नाव धारेशी नातं सांगणारं हवंय. आजोबांचा हट्ट 'परशुराम'. परशू म्हणजे कुऱ्हाड, आणि चिपळूणचा डोंगर तर त्याच नावाचा. पण तिला ते जड वाटतं. उरले दोन.

अर्थाच्या बाबतीत दोघं तोडीस तोड. निशित म्हणजे पाजळलेलं, दगडावर घासून विळीचं पातं लखलखतं तसं. तेजसचा अर्थ सगळे प्रकाश सांगतात, पण मूळ धातू 'तिज्', धार लावणे. 'तीक्ष्ण'ही त्यातलाच. संस्कृत कोशात तेजस् शब्दाला 'पात्याची धार' असाही अर्थ आहे.

वापरात मात्र निशित त्रास देतं. 'निशीथ' म्हणजे मध्यरात्र, आणि शाळेच्या दाखल्यावर त चा थ व्हायला कितीसा वेळ लागतो? धार गेली, काळोख आला! तेजस कोणीही चुकवत नाही. हाक मारायलाही सोपं.

फक्त तेजस जागोजागी. विमान तेजस, २०१७ पासून कोकण रेल्वेवर गाडीही तेजस.

वर्गात एकटंच नाव हवं आणि दाखला दरवेळी तपासायची तयारी असेल, तर निशित. बिनघोर हवं तर तेजस. आजोबांसाठी पाळण्यातलं नाव परशुराम ठेवा की!