नदीकाठची सोसायटी: एकट्याने रीडेव्हलपमेंट की शेजाऱ्यांसोबत?

दहिसर नदीपासून दोन गल्ल्यांवर आमची सोसायटी. जिन्याखाली, मीटरच्या पेटीच्या वीतभर वर, 26 जुलै 2005 च्या पाण्याची रेघ रंगाच्या तीन हातांखालूनही दिसते. आता दोन प्रस्ताव आलेत: एक फक्त आमच्या इमारतीचा, दुसरा शेजारच्या दोन सोसायट्या धरून. कार्पेट (घराचं आतलं क्षेत्रफळ) आणि कॉर्पस (डेव्हलपर सभासदांना देतो तो निधी) सगळ्यांनी ताडून पाहिलं, पर्यावरण मंजुरीचा विषय कोणी काढलाच नाही.

आकडा लक्षात ठेवा: 20,000 चौरस मीटर. एकूण बांधकाम त्याच्या आत राहिलं तर केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार ही मंजुरी लागत नाही. एकट्याच्या प्रस्तावाची सगळी गोडी इथेच आहे. काही महिने वाचतात, आणि भाड्याच्या घरात दिवस मोजणाऱ्याला ते थोडे नसतात. पण या हिशेबात बेसमेंट आणि पार्किंगचे मजलेही धरतात, एफएसआयबाहेरचे, म्हणजे प्लॉटवर परवानगी असलेल्या बांधकामाच्या मोजणीत न येणारे, असले तरी. डेव्हलपर काठावरचा आकडा सांगत असेल तर तो लेखी मागा. पुढे दोन मजले वाढले की मंजुरी लागणारच, आणि तिच्याआधी काम सुरू केलं तर ते बेकायदा.

एकत्र गेलो आणि बांधकाम या आकड्यापलीकडे गेलं, तर प्रकल्प मंजुरीसाठी राज्याच्या तज्ज्ञ समितीपुढे आणि मग राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणापुढे जातो. वेळ लागतो, खरंय. पण पावसाचं पाणी कुठून निघणार, खोदलेली माती आणि डेब्रिज कुठे जाणार, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) केवढा, हे कागदावर येतं. अटी लेखी मिळतात आणि त्या पाळल्याचा अहवाल सहामाही द्यावा लागतो. जनसुनावणी मात्र इमारतींच्या प्रकल्पांना नसते, त्यामुळे आपले प्रश्न आधीच डेव्हलपरच्या गळी उतरवायला हवेत.

सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं, वेगळं. तिथे इमारत केवढी हा प्रश्न नाही. भरतीचं पाणी नदीत जिथवर चढतं तिथवर, 2019 च्या नियमाप्रमाणे, काठापासून 50 मीटर किंवा पात्राची रुंदी, यांतलं जे कमी तेवढा पट्टा सीआरझेडमध्ये येतो. दोन्ही प्रस्तावांत प्लॉट नकाशावर तपासून घ्या.

माझा कल एकत्रकडे आहे. आम्ही एकट्यानेच जोतं उंचावलं तर आमचं पाणी शेजारच्यांच्या तळमजल्यात जाईल. तिघांचा निचरा एकदमच आखायला हवा. रविवारच्या सभेत माझं मत तिकडेच. घर मात्र मंजुरीचं पत्र हातात पडल्यावरच रिकामं करणार.