मुओनिओनालुस्ता उल्केचा काप : डिचोलीच्या एका पावसाळ्यानंतर

गोव्यात सांखळीजवळच्या एका खाणीच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं लोहखनिज तपासलं. लाल नमुना वाळवायचा, कुटायचा, आम्लात विरघळवायचा आणि लोखंड किती टक्के ते लिहून द्यायचं. एवढं लोखंड हाताखालून गेलं, पण ते सगळं ऑक्सिजनशी बांधलेलं, हेमॅटाइट. कुठल्याही भट्टीत न गेलेलं, तरीही धातूच असलेलं लोखंड एकदा हातात घ्यायचं होतं. म्हणून फेब्रुवारीत एका ऑनलाइन विक्रेत्याकडून उल्केचा हा काप मागवला. काड्यापेटीच्या तोंडाएवढा, तीन मिलिमीटर जाड, ४० ग्रॅम, किंमत सहा हजार दोनशे रुपये.

ही उल्का उत्तर स्वीडनची. पहिला तुकडा १९०६ साली सापडला. लोखंडात साधारण आठ टक्के निकेल, आणि ते दोन खनिजांत वाटलेलं : कमी निकेलचं कामासाइट आणि जास्त निकेलचं टेनाइट. उल्केच्या मूळ पिंडाच्या पोटात हा धातू लाखो वर्षं इतका सावकाश निवत गेला, की कामासाइटचे पट्टे चार ठरावीक दिशांनी वाढले आणि त्यांच्या कडेनं टेनाइटच्या बारीक फिती राहिल्या. कापावर सौम्य आम्ल फिरवलं की कामासाइट जास्त झिजतं, टेनाइट चकाकत वर राहतं. सुपाची वीण तिरकी केल्यासारखं दिसतं. खिडकीशी धरून काप जरा कलवला, की एका दिशेचे पट्टे उजळतात आणि दुसरे काळवंडतात. आणखी थोडा फिरवा, पाळी बदलते. माझी भाची किती तरी वेळ तेच करत बसली होती. शेवटी म्हणाली, “मावशी, हे कोणी कोरलं गो?”

कोणी कोरलेलं नाही, हे मला आधी स्वतःला पटवायचं होतं. स्टीलवर लेझरनं नक्षी काढून विकणारेही असतात. हवेत वजन ४०.२ ग्रॅम भरलं, पाण्यात ५.१ ग्रॅम कमी झालं, म्हणजे घनता ७.८८. लोखंडासाठी ठीक. मग कोपरा कानशीनं जरासा घासून चूर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवला, टार्टरिक आम्ल घातलं (नाहीतर अमोनिया पडताच लोखंडाचा तपकिरी गाळ सगळं झाकून टाकतो), अमोनिया घातला आणि निकेल असलं की लाल होणाऱ्या डायमिथिलग्लायऑक्झिमचे थेंब सोडले. कोकमाच्या सरबतासारखा लालभडक साका आला. निकेल आहे. पण निकेल स्टेनलेस स्टीलमध्येही असतं, म्हणून खरी परीक्षा कडेची. एक कड गुळगुळीत घासून तिच्यावर नक्षी उठवायला फेरिक क्लोराइड लावलं. वरच्या अंगाचे पट्टे कडेवरून वळून खालच्या अंगाच्या पट्ट्यांना जाऊन मिळाले. नक्षी आरपार होती. त्या दुपारी मी जेवायची विसरले.

आता तक्रार. सोबतच्या कार्डावर ‘गंजत नाही’ असं छापलं होतं. ते खोटं आहे. ही उल्का हिमयुगांच्या गाळात पडून होती, तिच्या बारीक भेगांत क्लोराइड मुरलेलं असतं, आणि गंजण्याबद्दल ती संग्राहकांत प्रसिद्ध आहे. आषाढात एका भेगेपाशी मोहरीएवढे नारिंगी ठिपके आले, एका ठिकाणी घामासारखा पिवळसर थेंब. साडेचारशे कोटी वर्षं धातू राहिलेलं लोखंड माझ्या कपाटात पाच महिन्यांत खनिजाच्या रंगाचं होऊ लागलं, हे बघवलं नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर ‘नैसर्गिक आहे’ एवढंच उत्तर आलं. नैसर्गिक आहे हे मलाही कळतं. काळजी कशी घ्यायची, तेवढं कार्डावर हवं होतं.

उपाय मी असा केला : मऊ ब्रशनं गंज काढला, काप रात्रभर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवला, अल्कोहोल बदलून परत एकदा, मग पूर्ण उडून गेल्यावर कमी आचेच्या ओव्हनमध्ये दोन तास सुकवला आणि वर शिलाई मशीनच्या तेलाचा हात. आता तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलवर असतो. ऑगस्टभर जेल आठवड्या-दहा दिवसांनी बदलावी लागली. ठिपके परत आलेले नाहीत. गंमत म्हणजे १८०४ साली नेपल्समध्ये जी. थॉमसन यांनी उल्केचा गंज काढायला नायट्रिक आम्ल लावलं, तेव्हाच त्यांना ही नक्षी दिसली. नाव मात्र लागलं ते १८०८ साली व्हिएन्नात ती पाहणाऱ्या विडमानश्टेटन यांचं.

कापाला पाचपैकी पाच, विक्रेत्याला दोन. लॉकेट किंवा अंगठीसाठी घेऊ नका, आपल्या घामात हे टिकणार नाही. घ्यायचाच असेल तर कडेचा फोटो आधी मागा. आणि गोव्यात राहत असाल तर चवथीच्या आधी मागवू नका, नोव्हेंबर लागू दे.